भाऊबीजेपर्यंत बाल्डर्स गेट: मॉड जुळवणीच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार. चरई, ठाणे

काल विसर्जन झालं. ढोल-ताशे थांबले, घर शांत आहे. आजपासून या नोंदी सुरू.

काम असं: बाल्डर्स गेट या संगणकावरच्या खेळाचे जुने दोन्ही भाग एका सलग खेळात जोडायचे, त्यावर मोजके मॉड (खेळात बदल करणारे, चाहत्यांनी लिहिलेले जोड) चढवायचे आणि २३ ऑक्टोबरला, भाऊबीजेला, ताई आणि भाचा सांगलीहून येतील तेव्हा सगळं न अडखळता चालायला हवं. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२३चा तिसरा भाग तो मित्राच्या मशीनवर खेळला आणि गणपतीत फोनवर म्हणाला, "मामा, आधीच्या दोन भागांत नेमकं काय होतं?" मी अर्धा तास बोललो आणि मग म्हणालो की सांगण्यात अर्थ नाही, दिवाळीत ये, खेळूनच बघ.

पहिला भाग डिसेंबर १९९८चा, दुसरा सप्टेंबर २०००चा, त्याचा शेवट करणारा 'थ्रोन ऑफ भाल' जून २००१चा. तिन्ही बायोवेअरचे. दुसरा भाग आमच्या कोपरीच्या खोलीत चार सीडींत आला होता. माउस माझ्या हातात, आणि शेजारी स्टुलावर बसून ताई प्रत्येक संवाद मोठ्याने वाचायची, कारण माझं इंग्रजी तेव्हा दर ओळीला अडायचं. मधेच खेळ दुसरी सीडी मागायचा, ती बदलेपर्यंत ताई पुढे काय होईल याचे अंदाज बांधायची. हा खेळ मला वाचून आलेला आहे, तो भाच्यालाही तसाच मिळावा एवढीच इच्छा आहे.

आज एन्हान्स्ड एडिशनचे, म्हणजे नव्याने सुधारलेल्या आवृत्तीचे, दोन्ही भाग (पहिला २०१२चा, दुसरा २०१३चा) आणि २०१६चा 'सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर' हा पहिल्या भागाचा जोडभाग उतरवून घेतला. इन्स्टॉल करताना प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवले नाहीत. तिथे विंडोज प्रत्येक फाइल बदलायला परवानगी मागतं आणि मॉड बसवणं म्हणजे हजारो फाइल्स बदलणं. डी ड्राइव्हवर साधं, मधे रिकामी जागा नसलेलं नाव दिलं. दोन्ही फोल्डरांच्या कोऱ्या प्रती झिप करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवल्या.

१० सप्टेंबर, बुधवार

ऐरोलीला जाता-येता ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये रीडमी (मॉडबरोबर येणारं माहितीपत्रक) वाचतो आहे. ठाण्याहून दिघा गाव, मग ऐरोली. एवढ्या वेळात एका मॉडचं रीडमी होतं. रीडमीतल्या दोन गोष्टी आधी बघतो: हा मॉड कोणाच्या आधी बसायला हवा आणि कोणाच्या नंतर. बाकीचं घरी.

१४ सप्टेंबर, रविवार

पाया घातला.

पाया म्हणजे ईईटी, एन्हान्स्ड एडिशन ट्रिलॉजी. हा मॉड दुसऱ्या भागाच्या फोल्डरमध्ये बसतो, पहिल्या भागाचा पत्ता विचारतो आणि तिथला सगळा मजकूर, नकाशे, माणसं, वस्तू उचलून दुसऱ्या भागात आणतो. मग गोष्ट जिथे सुरू होते त्या कँडलकीपच्या तटबंदीपासून थ्रोन ऑफ भालच्या शेवटापर्यंत एकच खेळ. पात्र एका खेळातून काढून दुसऱ्यात घालायची गरज नाही. दोन्ही भागांतल्या नकाशांची नावं 'एआर' आणि चार आकडे अशीच आहेत, म्हणून ईईटी पहिल्या भागाच्या नकाशांना 'बीजी' लावून वेगळं करतो. दोन कुटुंबं एका घरात आली की डब्यांवर नावं घालावी लागतात, तसं.

त्याआधी पहिल्या भागाच्या फोल्डरमध्ये डीएलसी मर्जर चालवावा लागला. ड्रॅगनस्पिअरचा भाग एका झिप फाइलीत बंद येतो आणि मॉड बसवणाऱ्या वायडूला झिपच्या आतलं दिसत नाही. मर्जर तो उघडून खेळाच्या मूळ फाइल्समध्ये मिसळतो. हे विसरलं तर ईईटीला ड्रॅगनस्पिअर सापडतच नाही.

वायडूबद्दल इथेच लिहून ठेवतो, भाच्याला समजावताना लागेल. वेस वायमर यांनी हे साधन लिहिलं आणि या खेळांच्या मॉडचं सगळं जग त्यावर उभं आहे. त्याआधी मॉड बसवणं म्हणजे आपली फाइल नेऊन ओव्हरराइड फोल्डरमध्ये टाकणं. खेळ आधी ओव्हरराइड बघतो, तिथे नसेल तरच मूळ गठ्ठ्यात शोधतो. म्हणजे दोन मॉडनी एकाच तलवारीची फाइल टाकली की नंतरचा टिकला, आधीचा पुसला गेला. वायडू फाइल बदलून टाकत नाही, आत जाऊन हवी तेवढीच ओळ दुरुस्त करतो. पाच मॉडनी एकाच पात्राला हात लावला तरी पाचही बदल एकावर एक राहू शकतात.

त्याचबरोबर प्रत्येक बदलाआधीची प्रत वायडू जपून ठेवतो. उतरंडीतलं मधलं मडकं काढायचं तर वरची सगळी आधी उतरवावी लागतात; वायडू तेच करतो. मधला मॉड काढायला सांगितला की त्याच्या नंतरचे सगळे उलट क्रमाने उतरवतो, मधला काढतो आणि वरचे पुन्हा चढवतो.

सकाळी साडेनऊला बसलो, जेवायच्या आधी ईईटी बसला. खेळ उघडला, कँडलकीप दिसलं, लगेच बंद केला. या टप्प्याचीही झिप केली.

२० सप्टेंबर, शनिवार

मॉड निवडले. यादी ४३वर गेली होती, संध्याकाळपर्यंत १४वर आणली. सगळ्यात जास्त वेळ आणि विचार आजच्या कामात गेला.

माझी कसोटी अशी: मॉडने खेळाच्या मूळ लिखाणाला आधार दिला पाहिजे, त्याच्यावर स्वतःचा आवाज चढवू नये. पहिल्यांदा खेळणाऱ्याला कुठलं मूळचं आणि कुठलं नंतरचं हे कळू नये.

राहिले ते: बीजी वन एनपीसी प्रोजेक्ट. दुसऱ्या भागात सोबती आपापसात भांडतात, चेष्टा करतात, रुसतात. पहिल्या भागात ते जवळजवळ गप्पच असतात, आणि हा मॉड त्यांना बोलतं करतो. अनफिनिश्ड बिझनेस, दोन्ही भागांसाठीचे. बायोवेअरने अर्धवट सोडलेले प्रसंग आणि मोहिमा त्यात पुऱ्या केल्या आहेत. अ‍ॅसेन्शन, दुसऱ्या भागाचे एक मूळ लेखक डेव्हिड गेडर यांनीच खेळ बाहेर आल्यावर शेवटची लढाई पुन्हा मोठी करून लिहिली, तो हा मॉड. लेखकाचाच हात, म्हणून याच्याबद्दल मनात प्रश्नच आला नाही. स्वॉर्ड कोस्ट स्ट्रॅटजेम्स. शत्रूंना डोकं देतो. ट्वीक्स अँथॉलॉजी, खेळातल्या छोट्या-छोट्या बदलांचा संच, त्यातले मोजकेच घटक. शिवाय वस्तूंचे दोन लहान संच, सोबत्यांच्या गप्पांचा एक, आणि किरकोळ काही.

गळाले ते: नवे सोबती आणणारे जवळजवळ सगळे. त्यांतले काही लिहिलेले चांगले आहेत, पण पक्षात, म्हणजे आपल्याबरोबर फिरणाऱ्या टोळीत, जागा सहाच. पहिल्या खेळात इमोएन, जहीरा, मिन्स्क यांची जागा दुसऱ्या कोणी घ्यावी हे मला पटत नाही.

एक तपशील, जो आधी माहीत असता तर निवड लवकर झाली असती. या इंजिनात फाइलीचं नाव आठ अक्षरांपेक्षा मोठं होऊ शकत नाही. इंग्रजीत 'स्वॉर्ड' एवढं लिहिलं की पाच संपली. म्हणून मॉड लिहिणाऱ्यांनी आपापसात दोन-दोन अक्षरांची उपनावं वाटून घेतली आहेत आणि प्रत्येक जण आपल्या फाइलींना ती पुढे लावतो. ज्या मॉडच्या फाइलींना असं काही लावलेलं नाही, तो दुसऱ्याच्या पायावर पाय देण्याची शक्यता मोठी. आता मी मॉडचं फोल्डर उघडून आधी तेच बघतो.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. टेंभी नाक्याला देवीच्या मिरवणुकीची गर्दी, स्टेशनवरून चालत घरी. काम नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

दिवसभर पाऊस. दुपारी तीनला एनपीसी प्रोजेक्ट चढवायला घेतला. त्याच्या आधीचा गप्पांचा संच बसल्यावर तपासलं तर सोबती फ्रेंचमध्ये बोलायला लागले होते. चूक माझी. वायडू आधी भाषा विचारतो, शून्य क्रमांक म्हणजे इंग्रजी असं धरून मी शून्य दाबत गेलो. या मॉडच्या यादीत शून्यावर फ्रेंच होतं. काढून पुन्हा बसवला. नियम: यादी दर वेळी वाचायची.

पाच वाजून दहा मिनिटांनी एनपीसी प्रोजेक्ट अर्ध्यावर असताना लाइट गेली. माझं मशीन डेस्कटॉप, यूपीएसची बॅटरी मेलेली. पडदा काळा.

लाइट रात्री आली. मी घाई केली, आणि जे केलं ते इथे नीट लिहून ठेवतो. मला वाटलं, बिघडली असेल तर मजकुराची फाइल, डायलॉग डॉट टीएलके. म्हणून १४ तारखेच्या झिपमधून तेवढीच फाइल काढून जागेवर ठेवली आणि खेळ उघडला. कँडलकीपमध्ये सरायवाल्याच्या दुकानात गेलो. वस्तूंच्या नावांच्या जागी 'इनव्हॅलिड' आणि पुढे सहा आकडी क्रमांक. एक, दोन, पाच ठिकाणी तेच.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी डोकं शांत होतं तेव्हा कळलं.

या खेळात कुठलाही शब्द वस्तूच्या किंवा पात्राच्या फाइलीत नसतो. तिथे फक्त क्रमांक असतो. शब्द सगळे एकाच टीएलके फाइलीत, ओळीने. नवा मॉड बसला की त्याचे शब्द या फाइलीच्या शेवटी जोडले जातात, नवे क्रमांक मिळतात आणि तेच क्रमांक वस्तूंमध्ये लिहिले जातात. मी जुनी, आखूड टीएलके परत ठेवली. वस्तू मात्र नव्याच राहिल्या. त्या ज्या क्रमांकाकडे बोट दाखवतात, तिथे आता ओळच नाही.

यातूनच दुसरी गोष्ट निघते, ती भाच्याला नक्की सांगायची. खेळ सुरू झाल्यावर मॉडचा क्रम बदलायचा नाही. क्रम बदलला की त्याच शब्दांना वेगळे क्रमांक मिळतात, आणि सेव्हमध्ये जुने नोंदलेले असतात. मग तलवारीवर दुसऱ्याच कुठल्या संवादाची ओळ दिसते. पहिली सेव्ह पडायच्या आधी सगळं ठरलेलं हवं.

दुरुस्ती करत बसलो नाही. अर्धवट फोल्डर पुसलं, १४ तारखेची पूर्ण झिप उघडली. यूपीएसला नवी बॅटरी उद्या.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

आईने सकाळी पाटीवर सरस्वती काढली, तिच्यापुढे माझी वही आणि हार्ड डिस्कही ठेवली. आपट्याची पानं देऊन झाल्यावर अकराला नव्याने सुरुवात.

क्रम कागदावर लिहून समोर चिकटवला: आधी मोहिमा आणि प्रसंग, मग सोबत्यांची बडबड, मग वस्तू, मग ट्वीक्स, मग शत्रूंची बुद्धी आणि सगळ्यात शेवटी ईईटी एंड, म्हणजे ईईटीचा समारोपाचा भाग. एकेक मॉड, आणि दर मॉडनंतर वायडू डॉट लॉग उघडून बघणं. या लॉगमध्ये प्रत्येक ओळीत मॉडचं फोल्डर, भाषेचा क्रमांक, घटकाचा क्रमांक आणि घटकाचं नाव असतं, ज्या क्रमाने बसले त्याच क्रमाने. जुळवणीचा सातबाराच तो. रात्री नऊपर्यंत ट्वीक्सपर्यंत पोचलो. सगळं इंग्रजीत बोलतंय.

५ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस खेळातल्या बेरेगॉस्ट गावाच्या लोहारापायी गेला.

चाचणीत थंडरहॅमर स्मिदीत गेलो. हा लोहार पहिल्या भागातला महत्त्वाचा माणूस. अँखेग नावाच्या राक्षसी किड्याचं कवच आणून दिलं की ४००० सोन्याची नाणी घेऊन दहा दिवसांत चिलखत करून देतो. वस्तूंच्या पहिल्या संचाने त्याच्या दुकानात एक भाला ठेवायला हवा होता. नव्हता. दुसऱ्या संचाचं धनुष्य मात्र होतं.

लॉगमध्ये दोन्ही संच नीट बसलेले. चूक कुठेच दाखवत नाही. मग वायडूची चेंज-लॉग आज्ञा दुकानाच्या फाइलीवर चालवली. ही आज्ञा त्या फाइलीला आतापर्यंत कोणी कोणी हात लावला ते क्रमाने सांगते आणि प्रत्येक टप्प्याची प्रत वेगळी काढून देते. त्या प्रती निअर इन्फिनिटीत, म्हणजे खेळाच्या फाइली उघडून बघायच्या साधनात, एकामागून एक उघडल्या. ईईटीनंतर: मूळ माल. पहिल्या संचानंतर: मूळ माल आणि भाला. दुसऱ्या संचानंतर: मूळ माल आणि धनुष्य. भाला गेला.

दुसऱ्या संचाची टीपी-टू फाइल, म्हणजे काय कसं बसवायचं हे वायडूला सांगणारी फाइल, साध्या एडिटरमध्ये उघडली. इतर सगळीकडे त्याने 'कॉपी एक्झिस्टिंग' वापरलं आहे, म्हणजे खेळात आहे ती फाइल घे आणि तिच्यात भर घाल. दुकानाच्या एका ओळीत मात्र नुसतं 'कॉपी': माझ्याकडची तयार फाइल घे आणि वर ठेव. ती फाइल बनवणाऱ्याच्या मशीनवर भाला नव्हता, म्हणून आता माझ्याकडेही नाही. लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केलेलं नाही. वर्षानुवर्षं फुकट, रात्री जागून लिहिलेल्या कामात एक जुनी ओळ राहून गेली आहे. बाकीचा संच इतका काळजीने लिहिलाय की प्रत्येक वस्तूला स्वतःची हकिकत आहे.

टीपी-टूला हात लावला नाही. क्रम फिरवला. जो संच दुकान पूर्ण बदलतो तो आधी, जो भर घालतो तो नंतर. वायडूने वरचं सगळं उतरवलं, अदलाबदल केली, वरचं पुन्हा चढवलं. चाळीस मिनिटं. त्या वेळात आईबरोबर भाजी निवडली.

पुन्हा बेरेगॉस्ट. भाला आणि धनुष्य, दोन्ही. बाकी सगळ्या दुकानांवरही चेंज-लॉग चालवून घेतला; दुसरीकडे असं कुठे नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागरी. गच्चीवर सोसायटीचं दूध. फक्त चाचणी: फ्रेंडली आर्म इन या सरायीपर्यंत चालत गेलो, खालिद आणि जहीरा भेटले, दोघंही बोलतात.

११ ऑक्टोबर, शनिवार

भाच्याचा फोन. त्याला खेळाचे नियम आधीच हवे होते. हे खेळ एडी अँड डी या फाशांच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर चालतात आणि त्यातला आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, जितका कमी तितका चांगला, हे त्याला विचित्र वाटलं. थॅको, म्हणजे घाव घालण्याचा आकडा, असा सांगितला: तुझा थॅको १८ आहे आणि समोरच्याचा आर्मर क्लास ५, तर वजा कर, १३ आले, वीस बाजूंच्या फाशावर १३ किंवा जास्त पडलं की घाव लागला. समोरच्याचा उणे २ असेल तर २० पडायला हवं. तो दोन सेकंद गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे उण्याकडे गेलं की माणूस लोखंडाचा होतो." बरोबर.

मागून ताईने विचारलं, "तो वेडा जादूगार आहे ना अजून, जो आपल्याला पिंजऱ्यात ठेवतो?" इरेनिकस. आहे म्हटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

स्वॉर्ड कोस्ट स्ट्रॅटजेम्स चढवला. हा शेवटाकडेच बसतो. तो बसताना खेळातली सगळी पात्रं तपासतो, इतर मॉडनी आणलेलीही, आणि त्यांना नव्या चाली देतो. त्याच्यानंतर आलेल्यांना काही मिळत नाही. अ‍ॅसेन्शनही म्हणूनच याच्या आधी. ५२ मिनिटं लागली. काळ्या खिडकीत पात्रांची नावं सरकत होती, त्यांतली कितीतरी ओळखीची. मग ईईटी एंड, आणि बांधकाम पुरं.

फ्रेंडली आर्म इनच्या पायऱ्यांवर टार्नेश नावाचा जादूगार उभा असतो. पहिल्या पातळीवरच्या पक्षाला हा नेहमीच जड. आज त्याने आधी स्वतःची प्रतिबिंबं उभी केली, मग भीतीचा मंत्र टाकला, माझी चारही माणसं सैरावैरा. तीनदा मेलो. चौथ्यांदा इमोएनला बाण घेऊन लांब उभं केलं आणि मंत्र म्हणताना त्याला बाण लागेल असं बघितलं. मंत्र तुटला, तो पडला. असंच हवं होतं मला. पण भाचा पहिल्यांदाच खेळतोय, म्हणून खेळाची डिफिकल्टी एक पायरी खाली ठेवली. शत्रूंच्या चालींची धारही तिच्याबरोबर कमी होते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

काल वसुबारस. घरात चिवड्याचा वास.

आता काही बदलायचं नाही. पूर्ण फोल्डर झिप केलं, वायडू डॉट लॉगची छापील प्रत काढली, तीन पानं. चाचणीतल्या माझ्या सगळ्या सेव्ह पुसल्या, भाच्याला यादी कोरी दिसावी. काल एक सुंदर दिसणारा पोर्ट्रेटचा संच नजरेस पडला, उघडलाही नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

ताईने ओवाळलं. जेवण झालं. चारला भाचा मशीनपुढे बसला.

त्याने पात्र बनवायला पाऊण तास घेतला, फासे पुन्हा पुन्हा टाकले, कोणी घाई केली नाही. कँडलकीपमध्ये तो प्रत्येकाशी बोलला. नायकाला वाढवणाऱ्या गोरियनचा मृत्यू त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवून पाहिला. टार्नेशने एकदा मारलं. दुसऱ्यांदा त्याने स्वतःच इमोएनला मागे नेलं, मी बोललो नव्हतो. रात्री साडेदहाला बेरेगॉस्ट.

लोहाराकडे पोचताच त्याने दुकान उघडायला बोट नेलं. ताई मागे स्टूल ओढून बसली होती.

"थांब, आधी तो काय म्हणतोय ते वाच. लगेच दुकान काय उघडतोस?"

मग तिनेच पुढे वाकून वाचायला सुरुवात केली, मोठ्याने, तशीच, लोहाराच्या जाड आवाजात. वाचून झाल्यावर भाच्याने दुकान उघडलं आणि यादी खालपर्यंत सरकवली. भाला होता. त्याच्याखाली धनुष्य.

"मामा, यातलं कुठलं घेऊ?"